आधी वायर उपटा, मग मार्क द्या

नाशिकहून पिंपळगावला जाताना ओझरजवळ डोक्यावरून सुखोई गेलं, की बसमधल्या अर्ध्या माना खिडकीकडे वळतात. बाहेरगावचे लोक घाईघाईने फोन काढतात. फोनचा कॅमेरा उघडेपर्यंत विमान गायब आणि मागे नुसता आवाज. ओझरच्या लोकांना याचं काही अप्रूप नाही. १९६४पासून इथे एचएएलचा कारखाना आहे, मिगच्या काळापासून त्यांचे कान तयार झालेत.

१७ ऑक्टोबर २०२५ला याच कारखान्यात जोडलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. त्याचे रील्स तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिले असतील, स्टेटसलाही ठेवले असतील. पण त्या रील्समध्ये न दिसणाऱ्या एका डब्याबद्दल मला बोलायचंय. त्या डब्याचं नाव फ्लाइट कंट्रोल कॉम्प्युटर. तेजसचा आराखडाच असा आहे, की ते विमान स्वतःहून हवेत स्थिर राहत नाही. चपळपणासाठी ते मुद्दाम तसं केलंय. वैमानिक दांडा ओढतो तेव्हा ती फक्त विनंती असते. पंखांचे पडदे नेमके किती हलवायचे ते कॉम्प्युटर ठरवतो, आणि हे क्षणोक्षणी चालू असतं. तो कॉम्प्युटर बंद पडला तर विमान माणसाच्या हातात राहणारच नाही. म्हणून तिथे एकावर भागत नाही. चौघं एकच हिशेब एकाच वेळी करतात, एकमेकांची उत्तरं तपासतात, आणि एखादा भलतंच बोलायला लागला तर बाकीचे त्याला बाजूला काढतात.

हा कॉम्प्युटर ओझरला बनत नाही, तो बेंगळुरूच्या एडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेत तयार झाला. १९ फेब्रुवारी २०२४ला तो पहिल्यांदा हवेत गेला. त्यातला प्रोसेसर पॉवरपीसी घराण्यातला आहे. आणि आता गंमत बघा: मंगळावर २०१२पासून फिरणारी नासाची क्युरिऑसिटी गाडी ज्या आरएडी७५० चिपवर चालते, तीसुद्धा याच घराण्यातली. तिचा वेग २०० मेगाहर्ट्झ, रॅम २५६ एमबी. तुमच्या हातातला बारा-पंधरा हजारांचा फोन तिला वेगात कुठल्या कुठे मागे टाकेल. पण तो फोन मंगळावर नेऊन ठेवा आणि दहा वर्षांनी विचारा, चालू आहेस का?

मी मासकॉमची विद्यार्थिनी. चिप म्हटल्यावर आधी बटाट्याची आठवते, त्यामुळे कोणत्या चिपने काय करावं हे सांगायचा माझा अधिकार नाही. पण आपल्या कॉलेजांमध्ये कशाला टाळ्या पडतात ते मला दिसतं. तिथे एकदा चाललेल्या गोष्टीला टाळ्या पडतात. अंतराळात मात्र बिघडल्यावरही चालत राहणाऱ्या गोष्टीलाच किंमत आहे. या दोन्हींतलं अंतर आपण कमी केलं नाही, तर पुढच्या वीस वर्षांतल्या मोहिमांसाठी लागणारी माणसं येणार कुठून, एवढाच माझा प्रश्न आहे.

अंतराळात कॉम्प्युटरला नेमका त्रास काय होतो, ते आधी पाहू. सूर्याकडून आणि त्याहीपलीकडून अतिवेगवान कण सतत येत असतात. पृथ्वीवर आपल्याला हवेचं आणि चुंबकीय क्षेत्राचं पांघरूण आहे. वर ते नाही. असा एखादा कण मेमरीत घुसला तर तिथल्या शून्याचा एक होतो, एकाचा शून्य होतो. एवढंच? हो, एवढंच. आता समजा मेमरीत तुमचे ३५ मार्क लिहिलेत. कॉम्प्युटरच्या भाषेत ३५ म्हणजे ३२ अधिक २ अधिक १. त्यातला ३२चा एक उडाला, तर तुम्हाला ३ मार्क. त्याच्या शेजारच्या ६४च्या जागी शून्याचा एक झाला, तर ९९! काठावर पास झालेला पोरगा थेट टॉपर. मार्कांत हे मजेशीर वाटतं. पण तो आकडा ‘इंजिन किती सेकंद चालू ठेवायचं’ हा असेल तर?

आणि हे काही फक्त मंगळावरचं दुखणं नाही. नोव्हेंबर २०२५च्या शेवटी एअरबसने ए-३२० जातीच्या सुमारे ६००० विमानांबद्दल सूचना काढली होती, आठवतंय? तीव्र सौर किरणोत्सर्गामुळे विमानाच्या नियंत्रणासाठी लागणारी माहिती बिघडू शकते, असं त्यांना एका घटनेच्या तपासात आढळलं होतं. इंडिगो आणि एअर इंडियाची कितीतरी विमानं त्यासाठी थांबवून दुरुस्त करावी लागली. त्या वीकेंडला आपण सगळे फक्त ‘फ्लाइट डिले का’ म्हणून वैतागलो होतो.

यावर उपाय काय? चिप मुद्दाम दणकट बनवतात. मेमरीत माहितीसोबत तपासणीचे जादा आकडे ठेवतात, म्हणजे एखादा आकडा उलटला तर लगेच पकडता येतो आणि सुधारताही येतो. एकच हिशेब तिघांकडून करून घेतात आणि मतदान घेतात. तीन मित्रांना बसची वेळ विचारली, दोघं पावणेआठ म्हणाले आणि एक पावणेदहा म्हणाला, तर तुम्ही कोणाचं ऐकाल? तेच तत्त्व. शिवाय एक राखणदार घड्याळ असतं. मुख्य प्रोग्रामने ठरावीक वेळाने त्याला ‘मी जागा आहे’ असं कळवायचं. कळवलं नाही तर ते घड्याळ कोणालाही न विचारता सगळं रिस्टार्ट करतं.

हे ऐकून तुम्हाला नासाची आठवण येत असेल, मला निफाड तालुक्यातल्या विहिरीवरची मोटार आठवते. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना ‘ऑटो’ म्हणजे काय ते सांगायला नको. रात्री दोनला लाइट आली की घरातल्या कोणीतरी बॅटरी घेऊन मळ्यात जाऊन बटण दाबायचं, ही पाळी टाळण्यासाठी पेटीत बसवलेलं ते यंत्र. लाइट आली की मोटार आपोआप चालू. पण चांगला ऑटो लगेच चालू करत नाही. थोडा थांबतो, तिन्ही फेज नीट आलेत का बघतो, आणि एखादा फेज गेलेला असेल तर मोटार बंदच ठेवतो, कारण दोन फेजवर चालवली तर मोटार जळेल. आता यातली ‘मळा’ आणि ‘मोटार’ ही नावं बदला, यानाचा ‘सेफ मोड’ तयार! काही गडबड वाटली तर जोखमीची कामं थांबव, सौर पट्ट्या सूर्याकडे कर, पृथ्वीशी संपर्क धर आणि सूचनेची वाट बघ. मालक लांब आहे, रात्र आहे, निर्णय तुलाच घ्यायचाय.

मंगळयानाचा मालक किती लांब होता? २४ सप्टेंबर २०१४ला सकाळी ते मंगळाच्या कक्षेत शिरलं तेव्हा इथून निघालेला संदेश तिथे पोचायला १२ मिनिटं लागत होती. ‘ब्रेक मार’ असं सांगायचं आणि ऐकलं का ते कळायला पाऊण तासाचा अर्धा वेळ थांबायचं, हे शक्यच नव्हतं. म्हणून सगळ्या सूचना आधीच पाठवून ठेवल्या होत्या आणि यानाने स्वतःच्या जबाबदारीवर इंजिन पेटवलं. तेही सुमारे ३०० दिवस झोपलेलं इंजिन. दोन दिवस आधी ते फक्त ४ सेकंदांपुरतं पेटवून पाहिलं होतं. मंगळयान बनवलं होतं सहा महिन्यांसाठी, चाललं साडेसात वर्षांच्या वर. आपण त्याचं कौतुक कसं केलं? ४५० कोटींत मंगळ, हॉलिवूडच्या सिनेमापेक्षा स्वस्त! स्वस्ताईचं एवढं कौतुक झालं, की टिकाऊपणाची बातमी २०२२मध्ये यान गेल्यावर आतल्या पानावर आली. (आमच्याच धंद्याची ही खोड.)

आता व्हॉयेजर-१. हे प्रकरण मला इतकं आवडतं, की मैत्रिणी मला व्हॉयेजरवरून चिडवतात. १९७७ला सुटलेलं हे यान आज माणसाने बनवलेली सगळ्यात दूरची वस्तू आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये त्याने अचानक अर्थहीन बडबड सुरू केली. सिग्नल येत होता, पण त्यात माहितीच नव्हती. अंतर २४०० कोटी किलोमीटर. एक प्रश्न पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. म्हणजे मेसेज टाकल्यावर निळी टिक दिसायला जवळपास दोन दिवस. एवढ्या अंतरावरून इंजिनिअर मंडळींनी शोधून काढलं, की माहिती गोळा करणाऱ्या कॉम्प्युटरची सुमारे ३ टक्के मेमरी खराब झालीय, एक चिप गेलीय. बहुतेक एखाद्या कणाने मारली, किंवा मग म्हातारपण.

चिप तर बदलता येत नाही. मग त्यांनी त्या खराब भागातला प्रोग्राम दुसरीकडे हलवायचं ठरवलं. पण तो सगळा एकत्र मावेल एवढी रिकामी जागा कुठेच नव्हती. म्हणून त्याचे तुकडे करून मिळेल तिथे कोंबले, आणि एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाण्याचे सगळे पत्ते नव्याने लिहिले. एसटीत सलग चार सीट नाहीत म्हणून घरातली माणसं विखरून बसावीत आणि तिकीट कोणाकडे, पिशवी कोणाकडे हे सगळ्यांना पाठ असावं, तसं. १८ एप्रिल २०२४ला पहिला दुरुस्त तुकडा पाठवला आणि २० तारखेला यानाने पाच महिन्यांनी पहिल्यांदा आपली तब्येत कळवली.

हे जमलं कशामुळे? हुशारी तर होतीच. पण त्या टीमला चार-पाच दशकांपूर्वीचे कागद चाळावे लागले. हे का केलं, इथे हा आकडा का ठेवला, अशी टिपणं. लिहिणाऱ्यांपैकी अनेकजण निवृत्त झालेत, काही हयात नाहीत. आता तुमच्या मागच्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टचा कोड उघडा. ‘फायनल’, ‘फायनल न्यू’, ‘फायनल लास्ट’ अशा तीन फोल्डरांपैकी चालणारा कोणता, हे पन्नास वर्षांनी कोणी सांगू शकेल? तुम्ही आज सांगू शकाल?

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, मग सगळं डबल-टिबल बसवा की. क्युरिऑसिटीत तसेच दोन कॉम्प्युटर आहेत आणि फेब्रुवारी २०१३मध्ये एकाची मेमरी बिघडल्यावर दुसऱ्याने काम हातात घेतलंही. पण दोन असले म्हणजे झालं, असं नाही. ४ जून १९९६ला युरोपचं एरियान-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात ४० सेकंदांच्या आत संपलं. त्यात दिशा सांगणाऱ्या दोन यंत्रणा होत्या, एक मुख्य आणि एक राखीव. दोन्हींत सॉफ्टवेअर तेच, जुन्या रॉकेटवरून उचललेलं. एक आकडा ठरलेल्या जागेत मावला नाही, राखीव यंत्रणा बंद पडली आणि क्षणभरात त्याच चुकीने मुख्यही. शेजाऱ्याची जर्नल कॉपी केली की चूकसुद्धा कॉपी होते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. अमेरिकेच्या स्पेस शटलमध्ये म्हणूनच चार कॉम्प्युटर एक सॉफ्टवेअर चालवायचे आणि पाचव्याचं सॉफ्टवेअर वेगळ्या टीमने लिहिलेलं असायचं.

चांद्रयानाचंच घ्या. सप्टेंबर २०१९मध्ये विक्रम लँडर कोसळला, आपण सगळे रात्री जागे होतो. मी तेव्हा शाळेत होते. त्यानंतर इस्रोने जो बदल केला तो मला यशापेक्षा मोठा वाटतो. सगळं नीट झालं तर कसं उतरायचं याऐवजी काय काय बिघडेल आणि तरी कसं उतरायचं, या प्रश्नापासून चांद्रयान-३ची आखणी झाली. सेन्सर गेला तर? इंजिनाने जास्त जोर लावला तर? उतरायची जागासुद्धा अर्धा किलोमीटर बाय अर्ध्यावरून ४ किलोमीटर बाय २.४ इतकी मोठी केली. २३ ऑगस्ट २०२३ला जे झालं ते आपण पाहिलंच. पेढे वाटले. पण त्या चार वर्षांत वाईटात वाईट कल्पना करत बसलेल्या लोकांचा रील कोणी काढला?

गेल्या वर्षी ‘विक्रम-३२०१’ नावाची चिप आली. इस्रो आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीने बनवलेला ३२ बिटचा प्रोसेसर. १८० नॅनोमीटर तंत्रज्ञान. मोबाइलवाले ३ नॅनोमीटरच्या गोष्टी करत असताना १८०? ग्रुपवर कोणीतरी हसलं असेलच. पण ही चिप उणे ५५ ते १२५ अंश सेल्सिअसपर्यंत काम करते, आणि डिसेंबर २०२४च्या पीएसएलव्ही-सी६० मोहिमेत तिची वर चाचणी झालीय. तिच्या आधीची १६ बिटची विक्रम-१६०१ तर २००९पासून आपल्या रॉकेटांत बसतेय. मोठ्या आकाराच्या चिपमध्ये एका आकड्यामागे विद्युतभार जास्त असतो, त्यामुळे एखाद्या कणाच्या धक्क्याने तो सहज उलटत नाही. जुनं ते सोनं असं मला म्हणायचं नाही हं. मंगळावरच्या इन्जेन्युइटी हेलिकॉप्टरमध्ये स्नॅपड्रॅगन ८०१ होता, म्हणजे वनप्लसच्या पहिल्या फोनमधला. दणकट वगैरे काही नाही, साधा बाजारातला. पण त्याच्यावर नजर ठेवायला आणि गडबड झाली तर त्याला बंद-चालू करायला शेजारी दुसरी, किरणोत्सर्ग सोसणारी चिप बसवली होती. पाच उड्डाणांची अपेक्षा होती, झाली ७२. साधा माणूसही मोठं काम करतो, त्याला बिघाडात सावरणारं कोणी असेल तर.

आता आपल्याकडे या. फायनल इयरच्या प्रोजेक्टचं प्रदर्शन तुम्ही पाहिलं असेल, केलं असेल. आदल्या रात्री जागरण. सकाळी टेबलावर यंत्र ठेवलेलं, शेजारी पाटी: ‘कृपया हात लावू नये’. परीक्षक येतात, एकदा बटण दाबलं जातं, दिवा लागतो, सगळे सुटकेचा श्वास सोडतात. दुपारी ते यंत्र बंद पडलं तरी चालतं, मार्क पडलेले असतात. मी एका कॉलेजच्या प्रदर्शनात वार्तांकनाला गेले होते. एका प्रोजेक्टसमोर मी विचारलं, हा सेन्सर निघाला तर काय होईल? चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकजण अगदी मनापासून म्हणाला, ‘‘मॅडम, प्लीज काढू नका.’’

त्यांना दोष कसा देणार? त्यांना कोणी तो प्रश्न विचारलेलाच नव्हता. त्या प्रश्नाला मार्कच नाहीत.

आणि कॉलेज संपल्यावर? हिंजवडीतल्या कंपनीत लागलेल्या सीनिअरला विचारा, काय काम आहे. ‘अरे, टेस्टिंगला टाकलं यार’ असं तो ज्या आवाजात सांगतो, तो आवाज ऐका. टाकलं! जणू गोदामात टाकलं. चूक शोधणारा माणूस म्हणजे ज्याला कोडिंग जमलं नाही तो, असा समज आपण कुठून आणला कोण जाणे. मग निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता साइट बंद पडते, आपण पानाला रिफ्रेश मारत बसतो, आणि रात्री मीम टाकतो.

एक मान्य करते, सगळ्यालाच ही शिस्त लागत नाही. कॅन्टीनच्या ऑर्डरचं ॲप हँग झालं तर फार तर वडापाव उशिरा येईल. प्रत्येक गोष्ट तीनदा बनवायला पैसा लागतो, वेळ लागतो, आणि विद्यार्थ्यांकडे दोन्ही नसतात. पण वायर उपटायला काय लागतं?

माझी मागणी तेवढीच आहे. प्रोजेक्टच्या शंभरातले वीस मार्क ‘बिघडल्यावर काय’ याला ठेवा. परीक्षकाने मध्येच वीज घालवावी आणि परत द्यावी. एक सेन्सर काढावा. तापमानाच्या जागी ९०० असा खुळचट आकडा पाठवावा. यंत्र पुन्हा उभं राहतंय का, की चुकीच्या आकड्यावर गुमान विश्वास ठेवतंय, ते पाहावं. पडलं तरी हरकत नाही. कुठे पडलं आणि का, हे ज्या ग्रुपने नीट लिहून ठेवलंय त्यांना अर्धे मार्क द्यावेत. ज्यांना आणखी हौस आहे त्यांनी आपलं यंत्र एप्रिलच्या सुट्टीत गच्चीवर चालू ठेवून घरी जावं आणि जूनमध्ये येऊन बघावं. नाशिकचं ऊन, धूळ, मध्येच वळवाचा पाऊस, लाइटचा लपंडाव. मंगळ नसेल, पण फुकट आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ला दुबईच्या एअर शोमध्ये एक तेजस कोसळलं आणि वैमानिकाचा जीव गेला. त्याचं कारण सांगणं हे चौकशीचं काम, इथे बसून तर्क लढवण्याचं नाही. पण यंत्रात माणूस बसतो तेव्हा ‘डेमोला तर चाललं होतं’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही, एवढं तरी त्या दिवशी आपल्याला कळायला हवं होतं. २०३५पर्यंत भारताला स्वतःचं अंतराळ स्थानक उभारायचंय, २०४०पर्यंत चंद्रावर माणूस पाठवायचाय. तेव्हा तुम्ही तिशी-पस्तिशीत असाल. तिथले कॉम्प्युटर तुमच्याच वयाची माणसं बनवत असतील.

परीक्षक कुठून आणायचे, असं कोणी सर विचारतील. नाशिकला हा प्रश्न पडायलाच नको. ओझरमधून निवृत्त झालेले, आयुष्यभर रिव्हेट आणि वायरिंग तपासून सहीशिवाय विमान पुढे न सोडणारे काका-काकू या शहराच्या कितीतरी कॉलन्यांमध्ये सकाळी फिरायला जातात. त्यांना बोलवा, चहा द्या, प्रदर्शनाच्या टेबलावरची ‘हात लावू नये’ची पाटी काढा, आणि त्यांना म्हणा, काका, यातलं काय पहिलं तुटेल ते सांगा.